कार कॅम्पिंग: घरून नेलेलं शुद्ध पाणी दुसऱ्या दिवशी अशुद्ध कसं होतं?

पावसाळा सरला की पुण्या-मुंबईच्या गाड्या भंडारदरा, पवना, काशिद, गुहागरच्या दिशेने सुटतात. डिकीत तंबू, घडीच्या खुर्च्या, छोटा गॅस, कोळसा, ब्लूटूथ स्पीकर. या सगळ्याची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर चाललेली असते. पाण्याचा विषय मात्र निघायच्या दिवशी सकाळी येतो आणि "वाटेत एक जार घेऊ" या वाक्यावर संपतो.

जार घेतला जातो. रात्री तंबूपाशी त्याचं झाकण निघतं ते परत लागतच नाही. कोणी वाडगं बुडवून भातासाठी पाणी घेतं, कोणी चिकनला मसाला चोळलेल्याच हाताने ग्लास बुडवतं, लहान मूल उष्टा पेला आत घालतं. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर दोघा-तिघांचं पोट बिघडलं की दोष जातो ढाब्यावरच्या मिसळीला.

दोष मिसळीचा असेलही. पण त्याआधी जारकडे बघायला हवं. गाडीत चढलं तेव्हा पाणी स्वच्छ असेल तरी ते मुक्कामाला स्वच्छच राहील याची खात्री नसते. प्रवासातलं पाणी अनेकदा भरताना नव्हे, तर ते ज्यात ठेवलं त्या भांड्यामुळे आणि ते ज्या पद्धतीने बाहेर काढलं त्यामुळे बिघडतं.

आरओचं पाणी लवकर का बिघडतं?

नगरपालिकेच्या नळाला कधीकधी औषधाचा वास येतो. तो क्लोरीनचा असतो आणि त्याचं काम फक्त शुद्धीकरण केंद्रापुरतं नसतं. पाईपमधून, टाकीतून, घागरीतून जाताना पाण्यात नव्याने जंतू शिरले तर त्यांना मारायला थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) हे शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलं आहे.

घरातला आरओ किंवा यूव्ही प्युरिफायर हे क्लोरीन काढून टाकतो, कारण कार्बनच्या फिल्टरचं ते कामच आहे. म्हणून ते पाणी चवीला छान लागतं. स्वयंपाकघरात ते तासा-दोन तासांत संपतं, त्यामुळे काही बिघडत नाही. पण तेच पाणी कॅनमध्ये भरून दोन दिवस उन्हातान्हात फिरवलं तर त्याच्यापाशी स्वतःचा बचाव करायला काहीच नसतं. हाताला लागलेले चार जंतूही त्यात वाढू शकतात. वास येत नाही, रंग बदलत नाही, म्हणून कळतही नाही.

हे फक्त तर्काने सांगितलेलं नाही. १९९३ मध्ये मलावी देशातल्या मोझांबिकच्या निर्वासितांच्या छावणीत एक प्रयोग झाला. सगळ्यांना पाणी एकाच ठिकाणचं. काही कुटुंबांना मात्र झाकण बसवलेली, हात आत जाणार नाही अशी आणि पाणी ओतायला तोटी असलेली बादली देण्यात आली. बाकीच्यांकडे नेहमीच्या उघड्या बादल्या. तोटीच्या बादल्या असलेल्या घरांतल्या पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळले आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. पाण्यात औषध टाकलेलं नव्हतं. बदललं होतं ते फक्त भांडं.

त्याच्याही आधीचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये कॉलराच्या रुग्णांच्या घरी पाणी साठवायला चक्क सुरई देऊन पाहिली गेली. अरुंद मान, त्यामुळे हात आत जाणं शक्यच नाही, पाणी ओतूनच घ्यायचं. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये हा अभ्यास छापून आला. सुरई असलेल्या घरांत कॉलराचा संसर्ग इतर घरांपेक्षा कितीतरी कमी पसरला होता.

मराठी घरांत याच कामासाठी ओगराळं असायचं. लांब उभ्या दांड्याचं, माठाशेजारी खुंटीला टांगलेलं. पाणी काढताना बोटं पाण्याला लागू नयेत एवढाच त्याचा उद्देश. आता माठाला नळ आला आणि ओगराळं अडगळीत गेलं, पण कॅम्पवर मात्र नळ नसलेला जार आणि ओगराळं नसलेले हात अशी गाठ पडते.

किती पाणी न्यायचं?

अमेरिकेत आपत्कालीन साठ्यासाठी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर असा ठोकताळा सांगतात. आपल्याकडच्या उकाड्यात आणि आपल्या स्वयंपाकाला तो अपुरा पडतो. प्यायला ३ लिटर आणि चहा, डाळ-भात, दात घासणं, काकडी-टोमॅटो धुणं यासाठी २ लिटर असे माणशी ५ लिटर धरले तर चौघांना दोन दिवसांसाठी ४० लिटर लागतात. गाडी बंद पडली, रस्ता अडला तर म्हणून १० लिटर वर. म्हणजे ५० लिटर पिण्याचं पाणी.

भांडी घासणं, हातपाय धुणं यासाठीचं वापरायचं पाणी वेगळं. ते गावातल्या विहिरीचं किंवा हातपंपाचं चालेल, पण ते वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये हवं आणि त्यावर मोठ्या अक्षरात "वापरायचं" असं लिहिलेलं हवं. अंधारात सगळे कॅन सारखेच दिसतात. घासलेली ताटं-पेले शेवटचे मात्र प्यायच्या पाण्याने विसळून घ्यावेत.

कशात न्यायचं?

इथे सगळ्यात मोठा धोका निळ्या ड्रमचा. भंगारवाल्याकडे किंवा बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारे निळे ड्रम आणि पांढरे कॅन बऱ्याचदा केमिकल कारखान्यांतून आलेले असतात. ते कितीही धुतले तरी प्लास्टिकने शोषलेलं रसायन निघून जात नाही. तेच रंगाच्या डब्याचं, ऑइलच्या कॅनचं, पेट्रोलच्या जेरीकॅनचं. वास गेला म्हणजे रसायन गेलं असं नाही. पाण्याचं भांडं नवीन आणि फूड ग्रेडचंच घ्यावं. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते एचडीपीई प्लास्टिक, पाण्याच्या कॅनसाठी नेहमीचं. शेजारी पेला आणि काट्याचमच्याची खूण असेल तर ते अन्नासाठी बनवलेलं आहे.

कॅन अपारदर्शक असलेला बरा. पारदर्शक भांड्यात उजेड पोहोचला की काही दिवसांत शेवाळ धरतं. तोंडाच्या बाबतीत थोडी पंचाईत आहे. अरुंद तोंड पाणी सुरक्षित ठेवतं, पण आतून घासता येत नाही. यावरचा तोडगा म्हणजे वर मोठं झाकण आणि बुडाशी नळ असलेला कॅन. मोठं झाकण फक्त धुण्यासाठी आणि भरण्यासाठी उघडायचं, सहलीत त्याला हात लावायचा नाही.

५० लिटरचा एकच मोठा कॅन घेण्यापेक्षा १० लिटरचे पाच चांगले. एकाची तोटी तुटली किंवा एकात कोणी हात घातला तरी बाकीचे चार वाचतात. दहा किलोचा कॅन घरातलं कोणीही उचलू शकतं हा आणखी एक फायदा, कारण वीस लिटरचा जार उचलताना कंबर धरलेले लोक प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतात.

भरण्याआधी कॅन साबणाने धुऊन मग क्लोरीनच्या पाण्याने विसळावा. एक लिटर पाण्यात एक चमचा (५ मिली) बिनवासाचं, साधं सोडियम हायपोक्लोराइट घालायचं, कॅनच्या सगळ्या बाजूंना आणि तोटीतून ते फिरवायचं, किमान अर्धा मिनिट ठेवायचं, ओतून टाकायचं आणि पिण्याच्या पाण्याने खळखळून धुवायचं. लिंबाच्या किंवा फुलांच्या वासाचं फरशी-संडास क्लीनर यासाठी अजिबात वापरू नये. तोटी विसरली जाते आणि बुळबुळीत थर नेमका तिथेच धरतो. त्या थराखाली जंतू आरामात राहतात आणि प्रत्येक पेल्यात थोडे थोडे उतरतात.

वाटेत मिळणाऱ्या जारचं काय?

सीलबंद बाटली किंवा सीलबंद जार आणि हॉटेलांत, लग्नांत दिसणारा गार पाण्याचा जार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर कंपनीचं नाव, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असते. २०२४ च्या शेवटी एफएसएसएआयने पॅकबंद पाण्याला जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या गटात टाकलं, म्हणजे त्याची तपासणी जास्त कडक असते. दुसऱ्या प्रकारच्या जारला, म्हणजे घट्ट झाकणाच्या त्या जाड कॅम्परला, सील नसतं, लेबल नसतं, आणि पाणी कुठून भरलं हे विकणाऱ्यालाच ठाऊक.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले तेव्हा हा प्रश्न ठळकपणे समोर आला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पसरणारा हाच तो जिवाणू. त्या वेळी महापालिकेने विहिरीच्या पाण्याबरोबर खासगी आरओ प्रकल्पांतलं पाणीही तपासलं आणि दोष आढळलेले काही प्रकल्प बंद केले. जे पाणी "फिल्टरचं" म्हणून लोक विकत घेत होते, तेही डोळे मिटून पिण्यासारखं नव्हतं.

त्यामुळे घरचं पाणी भरून नेणं सगळ्यात बरं. महापालिकेचं नळाचं पाणी असेल तर उत्तमच, त्यात क्लोरीन असतं. आरओचं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी क्लोरीनची गोळी पाकिटावर छापलेल्या प्रमाणात टाकावी आणि अर्धा तास थांबावं. हलका वास येईल. तो येतोय म्हणजे पाण्याचा पहारेकरी जागा आहे. पाणी संपल्यावर पेट्रोल पंपावर भरता येतं. पंपांनी पिण्याचं पाणी मोफत पुरवणं अपेक्षित आहे, पण तिथल्या कूलरची टाकी शेवटची कधी धुतली याची चौकशी केल्यास सहसा समोरून फक्त हसू मिळतं. गोळी टाकून घ्यावी.

बर्फाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देणं बंधनकारक केलं गेलं. मासळी टिकवायला वापरला जाणारा बर्फ सरबताच्या पेल्यात जाऊ नये हा त्यामागचा हेतू. आइसबॉक्समध्ये बाहेरचा बर्फ टाकला असेल तर तो बाटल्या बाहेरून गार करायलाच वापरावा, आणि वितळलेल्या पाण्यात बुडलेल्या बाटलीचं तोंड पुसल्याशिवाय ती ओठाला लावू नये.

गाडीत ठेवायचं कुठे?

पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो. जवळपास एक माणूस, तोही सीटबेल्ट न लावलेला. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या मोकळ्या वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने धक्का बसतो. वीस किलोचा जार मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत चारशे किलोच्या जोराने येईल. म्हणून कॅन डिकीत अगदी खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आणि पट्ट्याने बांधून ठेवायचे. गाडीच्या टपावरच्या कॅरियरवर पाणी चढवू नये. माळशेज किंवा वरंध्यासारख्या घाटात वळणावर वरचं वजन गाडीला बाहेरच्या बाजूला ओढतं.

अर्धवट भरलेला मोठा कॅन भरलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण आतलं पाणी डचमळतं आणि प्रत्येक वळणाला एका बाजूला झोकांडी देतं. छोटे कॅन काठोकाठ भरून एकेक करून संपवणं हा त्यावरचा सोपा उपाय.

उन्हाचाही विचार हवा. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान ५० अंशांच्या पुढे सहज जातं. पातळ पेट प्लास्टिकच्या बाटल्या अशा उष्णतेत दिवसचे दिवस राहिल्या तर प्लास्टिकमधले अंश पाण्यात उतरण्याचं प्रमाण वाढतं आणि चवही बिघडते. एका दुपारीने कोणी आजारी पडत नाही, पण गाडीत महिनाभर लोळत असलेली बाटली "पाणीच आहे ना" म्हणून पिऊ नये. कॅनवर ओली गोणी किंवा जुनी सुती चादर टाकली तरी मुक्कामाच्या जागी पाणी बऱ्यापैकी गार राहतं.

आणि आता खरी गोष्ट: पाणी काढायचं कसं?

नियम एकच आहे. भांड्याच्या आत काहीही जाता कामा नये. हात नाही, पेला नाही, डाव नाही. पाणी बाहेर आलं पाहिजे, आपण आत जायचं नाही.

सगळ्यात बिनभानगडीची सोय म्हणजे बुडाशी नळ असलेला कॅन डिकीच्या काठावर आणून ठेवणं. बहुतेक गाड्यांच्या डिकीचा काठ कंबरेच्या जवळपास येतो, म्हणजे खाली पातेलं धरायला जागा मिळते. नळ काठाच्या थोडा बाहेर आला पाहिजे, नाहीतर थेंब थेंब गळून डिकीतली गादी भिजते आणि परतताना गाडीला कुबट वास सुटतो. गाडी उतारावर लावली असेल तर तिचं नाक चढाच्या बाजूला हवं. मग पाणी आपोआप नळाकडे येतं आणि शेवटचा लिटरही वाया जात नाही.

नवख्यांना हमखास छळणारी एक अडचण: नळ उघडला तरी पाणी गचके देत येतं आणि मग थांबतं. कॅन बिघडलेला नसतो. बाहेर गेलेल्या पाण्याच्या जागी हवा आत यायला वाट नसते, एवढंच. चांगल्या कॅनला त्यासाठी वर छोटं बूच असतं. ते नसेल तर लोक वैतागून मोठं झाकणच काढून ठेवतात आणि इथेच सगळी काळजी वाया जाते, कारण त्यात धूळ, पाकोळ्या, चुलीची राख सगळं पडतं. झाकण फक्त अर्धा फेरा सैल करावं आणि त्यावर स्वच्छ फडकं बांधावं.

वीस लिटरच्या जारवर बसणारा चार्जिंगचा पंप हल्ली तीन-चारशे रुपयांत मिळतो. बटण दाबलं की पाणी. वस्तू कामाची आहे, फक्त तिची नळी हा कच्चा दुवा आहे. ती नळी जारच्या तळापर्यंत पाण्यात बुडालेली असते, आणि एक जार संपल्यावर दुसरा येईपर्यंत पंप गवतावर, गाडीच्या टपावर, कोणाच्या तरी चपलेशेजारी पडलेला असतो. मग तीच नळी नव्या जारमध्ये जाते. पंप ठेवायला झाकणाचा स्वच्छ डबा सोबत न्यावा आणि प्रत्येक सहलीआधी नळीतून क्लोरीनचं पाणी खेळवावं. आतून चिकट लागायला लागली की नळी बदलावी, ती काही महाग नसते.

पंप नाही, नळ नाही, नुसता जार आहे अशी वेळ आली तर जार तिरका करून पाणी आधी स्टीलच्या तांब्यात ओतायचं, आणि सगळ्यांनी तांब्यातून घ्यायचं. एकट्याने वीस किलो कलंडवणं कठीण, दोघे लागतात. किंवा सरळ लांब दांड्याचं ओगराळं न्यावं, दांडा जारच्या तोंडाला अडकवून ठेवता येतो. ओगराळं जमिनीवर ठेवलं की त्याचा उपयोग संपला.

बाटली भरताना तिचं तोंड नळाला टेकवू नये, बोटभर अंतर ठेवावं. उष्ट्या बाटलीच्या तोंडावरचे जंतू नळाला लागतात आणि पुढच्या प्रत्येकाला मिळतात. मुलांना प्रत्येकी नाव लिहिलेली एक बाटली दिली की अर्धी भानगड मिटते. कुत्रा सोबत असेल तर त्याचं भांडं कॅनपासून लांब, कारण नळाखालच्या ओल्या जागेत तो तोंड घालतोच.

हात धुण्याची सोय नळाच्या आधी हवी, नंतर नाही. शौचाला जाऊन आलेला माणूस ज्या हाताने पाण्याचा नळ फिरवतो तोच हात पुढच्या माणसाच्या हाताला लागतो. वापरायच्या पाण्याचा कॅन आणि साबण गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावावा. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली बाटली झाडाला उलटी टांगली तरी चालते.

पाणी संपलं तर?

तलाव समोर असतो, पाणी नितळ दिसतं, आणि मोह होतो. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं हे खरं, पण ते शुद्धीकरण केंद्रातून गेल्यावर. काठावर तंबूंच्या रांगा, बोटी, गुरं आणि पावसात वाहून आलेलं शेतातलं पाणी या सगळ्यासकट ते तळ्यात असतं. गडावरच्या टाक्यांचंही तेच. खडकात कोरलेल्या टाक्यातलं पाणी गार आणि गोड लागतं म्हणून ट्रेकर ते विश्वासाने पितात, पण त्याच टाक्यात माकडं आणि माणसं दोन्ही उतरतात.

गावात विचारणं जास्त शहाणपणाचं. महाराष्ट्रात आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करतो आणि ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. लाल म्हणजे जोखीम जास्त. सलग पाच वर्षं हिरवं राहिलेल्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड मिळतं. "तुमच्या पाण्याचं कार्ड कोणतं?" असा प्रश्न शहरातल्या पाहुण्याने विचारला की गावकरी जरा चकित होतात, पण टीसीएल पावडर आज टाकली की नाही हे नक्की सांगतात.

मिळालेलं पाणी गढूळ असेल तर आधी चारपदरी सुती कापडातून गाळावं आणि निवळू द्यावं. तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, जुन्या काळी निवळीच्या बिया उगाळूनही हेच करत. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे, पुढची पायरी राहतेच. ती म्हणजे उकळणं किंवा क्लोरीन.

खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तीन मिनिटं. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, तेव्हा राज्यात कुठेही तंबू टाकला तरी एका मिनिटात काम होतं. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी मात्र हिशोब वेगळा: पँगाँगच्या काठावर, ४,२०० मीटरच्या पुढे, पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. (आणि पँगाँगचं पाणी खारं आहे, कितीही उकळलं तरी ते प्यायचं होत नाही.)

क्लोरीनने बहुतेक जिवाणू आणि विषाणू मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी त्याला दाद देत नाहीत. स्ट्रॉसारख्या छोट्या फिल्टरचं उलट आहे. तो जिवाणू आणि परजीवी अडवतो, पण कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू त्यातून निसटू शकतात. म्हणून फिल्टर असेल तर त्यातून गाळलेल्या पाण्यातही गोळी टाकावी. गॅस संपला, गोळ्या संपल्या, तर स्वच्छ पारदर्शक पेट बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी, ढगाळ हवेत सलग दोन दिवस. ती गाडीच्या टपावर ठेवायची, डॅशबोर्डवर नाही. समोरची काच या कामाला लागणारे अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते.

काही गोष्टींवर यातला कुठलाच उपाय चालत नाही. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी, चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांतल्या बोअरमधलं फ्लोराइड, खतांमुळे उतरलेलं नायट्रेट. उकळल्याने पाणी आटतं आणि या गोष्टींचं प्रमाण उलट वाढतं. अशा भागात जाताना पाणी सोबतच न्यायचं.

मोठ्या गाड्यांमध्ये टाकी असते, तिचं काय?

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये पाण्याची टाकी, विजेचा पंप, नळ सगळं असतं, आणि म्हणूनच आधीच्या प्रवाशांनंतर टाकीत किती दिवस पाणी साचून होतं हे कळत नाही. ते अंघोळीला, भांड्यांना वापरावं. प्यायला स्वतःचे कॅन न्यावेत. स्वतःच्या गाडीत टाकी बसवून घेणाऱ्यांनी बागेचा हिरवा पाईप वापरू नये, तो पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो.

एवढं करूनही पोट बिघडलं तर

कॅम्पची जागा सुंदर असते कारण ती गावापासून लांब असते, आणि त्यामुळेच दवाखान्यापासूनही. औषधांच्या पिशवीत ओआरएसची चार-पाच पाकिटं हवीतच. एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर सुरक्षित पाण्यात घोळायचं, अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात नाही. घोळ चोवीस तासांत संपवायचा, उरला तर टाकून द्यायचा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा उलट्यांमुळे पोटात काहीच ठरत नसेल, तर तंबू तिथेच सोडून निघायचं. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. रेंज येते ती जागा संध्याकाळी पोहोचल्यावरच बघून ठेवावी.

घरी आल्यावर कॅन रिकामे करून, तोटी उघडी ठेवून, उलटे घालून वाळवायचे. झाकण लावायचं ते आतून पूर्ण कोरडे झाल्यावरच. ओला कॅन बंद करून माळ्यावर टाकला की पुढच्या सहलीला त्यातून आधी वास येतो, मग पाणी.